लेकरं सांभाळणारीची मजुरी कोणत्या रकान्यात लिहायची?

दसरा झाला की यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या केळापूर तालुक्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुटते आणि कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, घरं दिवसभर ओस पडतात. बाया सकाळी आठच्या आत भाकर बांधून वेचणीला निघतात, त्या दिवस मावळताना काट्यावर कापूस मोजून परततात. लेकरू अंगावर पिणारं असेल तर ते सोबत जातं आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, पळसाला बांधलेल्या झोळीत दिवस काढतं. दीड-दोन वर्षांचं असेल तर घरी राहतं, आणि त्याच्यापायी त्याची आठ-दहा वर्षांची बहीणही शाळा बुडवून घरी राहते. अंगणवाडी तीन वर्षांपुढच्या लेकरांना बसवून घेते, तीही दुपारपर्यंत. त्याहून लहानांसाठी घरी न्यायचा कोरडा आहार मिळतो. पण तो शिजवून भरवायला घरात मोठं माणूस लागतं आणि हंगामात नेमकं तेच नसतं.

या लेकरांसाठी पोडावरच पाळणाघर चालवायचं, पोडातल्याच दोन बाया त्यांना सांभाळतील, दोन वेळा ताजं शिजवून भरवतील, एवढाच आमच्या संस्थेचा विचार होता. पाच पोडांवर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे करायचं तर पैसा हवा, म्हणून प्रस्ताव लिहायचं काम माझ्याकडे आलं. यापूर्वी बचतगटांचे आणि परसबागांचे छोटे अर्ज मी लिहिले होते. हा अर्ज वेगळा निघाला, कारण यात विकत घ्यायची वस्तू जवळपास काहीच नव्हती. सगळा खर्च माणसांवर होता.

आधी कागदांचं सांगते, कारण ते पुरे नसतील तर पुढचं कुणी उघडूनही बघत नाही. आमची संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली आहे. पण कंपन्यांचा सीएसआर निधी, म्हणजे त्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा पैसा, हवा असेल तर तेवढ्यावर भागत नाही. आयकराची करसवलतीची नोंदणी (१९६१ च्या कायद्यातली १२ए आणि ८०जी) लागते, तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, आणि १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा फॉर्म भरून क्रमांक घ्यावाच लागतो. त्या फॉर्मवर पदाधिकाऱ्याची डिजिटल सही लागते आणि सीएचं प्रमाणन लागतं. नीती आयोगाच्या दर्पण या संस्था-नोंदणीच्या पोर्टलवरचा क्रमांक तर जवळपास प्रत्येक जण मागतो. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट टाकायचा असतो. आमचा टाकलेला होता, पण तो मंजूर होईपर्यंत शेड्युल वनच्या, म्हणजे संस्थेच्या सरकारी नोंदीच्या, उताऱ्यावर वारलेल्या अध्यक्षांचंच नाव येत होतं. शिवाय संस्थेच्या नावातल्या ‘बहुउद्देशीय’ची इंग्रजी अक्षरं पॅनवर एक, पासबुकावर दुसरी. यवतमाळला खेटे घालून हे एकेक मार्गी लावलं. लहान संस्थांना माझं कळकळीचं सांगणं आहे की निधी मागायच्या आधी एक वर्ष हे कागद सरळ करायला घ्या. चांगलं काम असून केवळ उताऱ्यापायी मागे पडलेल्या संस्था मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

मग आली ‘गरज’. अर्जाच्या पोर्टलवर गरज मांडायला दीड हजार अक्षरं मिळतात, रिकाम्या जागा धरून. बहुतेक प्रस्ताव इथे देशाच्या आकड्यांनी सुरू होतात. आकडे मीही दिले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६ टक्के बालकं वयाच्या मानाने कमी वजनाची आणि ३५ टक्के खुजी आढळली होती. पण असा आकडा नंदुरबारच्या प्रस्तावातही चालतो आणि नाशिकच्याही. आमच्या पोडावर पाळणाघर का हवं, ते त्यातून कळत नाही.

ते कळावं म्हणून आम्ही संध्याकाळी, बाया वेचणीवरून परतल्यावर, पोडापोडांवर बसलो. घरात त्या कोलामी बोलतात, आमच्याशी वऱ्हाडीत. मी छापील प्रश्नावली नेली होती, ती बाजूला ठेवून फक्त कालचा दिवस विचारला. लेकरू काल कुठे होतं, काय खाल्लं, कुणी भरवलं? एका बाईला मी विचारलं की मुलीला शाळेत का पाठवत नाही. ती म्हणाली, “पोट्टीले शाळेत धाडलं तं लेकराले कोन पाहीन?” मला तिथेच लक्षात आलं की पाळणाघराचा हिशेब शाळेच्या हजेरीपटातही दिसायला हवा. जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांनी मागच्या वर्षीचा हजेरीपट दाखवला. दिवाळीच्या सुट्टीनंतर चौथी-पाचवीतल्या काही मुलींच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा लागोपाठ होत्या, त्या संक्रांतीच्या पुढे जाऊन थांबत होत्या. त्यांच्याच वर्गातल्या, घरात लहान भावंड नसलेल्या मुलींच्या ओळी बऱ्याच भरलेल्या. अंगणवाडी सेविकाताईंनी सोबत येऊन सहा महिन्यांपुढच्या लेकरांचा दंडघेर मोजला. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली पट्टी गेली की लेकरू तीव्र कुपोषित समजतात. पट्टीच्या त्या लाल भागात, म्हणजे लाल पट्टीत, येणारी लेकरं होती, आणि ती त्यांच्या वहीत आधीच नोंदलेली होती. ताई म्हणाल्या, “मॅडम, मी पाकीट देते, पण दुपारी दोन वाजता घराला कुलूप असतं.”

फवारणीचा मुद्दा मी मुद्दाम घातला. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात पडले. पहिली वेचणी आणि शेवटची फवारणी आमच्याकडे पुष्कळदा मागेपुढेच असते. त्याच धुऱ्यावर झोळी टांगलेली असते. हे वाक्य प्रस्तावात लिहिताना माझा हात जड झाला होता, तरी ते गाळलं नाही.

एक तांत्रिक अडचण इथेच सांगून टाकते, कारण ती फार जणांना येते. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कोणत्या कामांवर सीएसआरचा पैसा खर्च करता येतो याची यादी आहे. त्या यादीत लहान मुलांचं पाळणाघर असं कुठेच लिहिलेलं नाही. दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्रांचा उल्लेख आहे, पण तो ज्येष्ठ नागरिकांसाठी. आम्ही आमचं काम पहिल्या कलमात, म्हणजे भूक, दारिद्र्य आणि कुपोषण निर्मूलनात बसवलं, आणि मुलींच्या शाळेचा मुद्दा शिक्षणाच्या कलमाला जोडला. कलमाचा नेमका उल्लेख असला की तपासणाऱ्याचंही काम हलकं होतं.

आता अंदाजपत्रक. माझ्या मते प्रस्तावाचा जीव तिथे असतो. गरजेच्या पानावर कुणीही चांगलं लिहू शकतं, पण संस्थेला काम खरंच कळलंय की नाही ते खर्चाच्या ओळींवरून समजतं.

आमच्या तक्त्यातली सगळ्यात मोठी ओळ सांभाळणाऱ्या बायांच्या मजुरीची होती. एका पाळणाघरात वीसच्या आसपास लेकरं, सहा महिने ते तीन वर्षांची. त्यांना एकटी बाई पुरत नाही. एक चुलीशी असते तेव्हा दुसरी लेकरांपाशी हवीच. दोघींना काय द्यायचं हे आम्ही पोडावरच बसून ठरवलं. तिथला हिशेब सरळ होता. भर हंगामात वेचणीचा दर किलोला दहा रुपयांच्या आसपास असतो, चांगली हातचपळ बाई चाळीस किलो वेचते. म्हणजे दिवसाचे चारशे. कुणी पाळणाघरात बसली की तिचे हे चारशे बुडाले. वर्षभराच्या मजुरीतले हेच महिने हातात रोख देणारे असतात, किराणा आणि कपडे त्यातूनच होतात. तिला दीड-दोनशेवर बसवलं तर ती चार दिवस येईल आणि पाचव्या दिवशी कापूस वेचायची ओटी बांधून शेतात जाईल, आणि त्यात तिला दोष देता येणार नाही. सगळे दिवस चाळीस किलोचे नसतात, म्हणून दिवसाला साडेतीनशे, महिन्याचे सव्वीस दिवस, असे ९,१०० रुपये आम्ही दर बाईमागे लिहिले. आहार, भांडी, सतरंज्या, वजनकाटा, औषधपेटी हे सगळं मिळूनही मजुरीच्या ओळीपेक्षा कमी भरत होतं.

पहिल्या कंपनीने नेमकं तिथेच बोट ठेवलं. एकूण खर्चात मानधनाचा वाटा निम्म्याहून जास्त आहे, तो कमी करा, प्रशासकीय खर्च मर्यादेत बसवा, असं उत्तर आलं. त्याऐवजी खेळणी, भिंतींवरची चित्रं, घसरगुंडी, कंपनीच्या नावाचा फलक यासाठी ते द्यायला तयार होते. त्यांचा हेतू वाईट नव्हता. घसरगुंडीचा फोटो येतो, बिल येतं, ती पुढच्या वर्षीही जागेवर दिसते. पण सहा महिन्यांच्या लेकराला घसरगुंडीचा काय उपयोग? त्याला उचलून घेणारे हात लागतात. मी मजुरी कमी करायला तयार झाले नाही, आणि तो अर्ज तिथेच संपला. संस्थेच्या बैठकीत यावर बरीच बोलाचाली झाली. हाती येणारं सोडू नये असं वाटणारे होते, आणि त्यांचंही म्हणणं समजण्यासारखं होतं. शेवटी आमच्या सर्वांत जुन्या कार्यकर्त्या मावशी म्हणाल्या की स्वस्तात बाई बसवून पाळणाघर चालवायचं असेल तर ते न चालवलेलं बरं, कारण लेकरू पडलं-भाजलं तर आपण त्या आईला तोंड कसं दाखवणार. त्यावर कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या कंपनीकडे प्रस्ताव पाठवताना मी अंदाजपत्रकाला एक पान जोडलं, फक्त मजुरीचं समर्थन करणारं. त्यात तीन गोष्टी होत्या. पहिली, वर सांगितलेला वेचणीचा हिशेब, जसाच्या तसा. दुसरी, २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीतली तरतूद. कामावर आलेल्या बायांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असतील तर त्यांच्यातल्याच एका बाईला लेकरं सांभाळायला नेमायचं आणि तिला मजुरीचा दर द्यायचा, असं त्यात लिहिलेलं होतं. खडी फोडणारी आणि लेकरं सांभाळणारी, दोघींचं काम कायद्याने सारखं मोलाचं धरलं होतं. खाजगी शेतातल्या वेचणीला तो नियम लागू नव्हता, पण तत्त्व आम्ही तिथून घेतलं. तिसरी गोष्ट म्हणजे सीएसआरचे नियम. २२ जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीत प्रशासकीय खर्चाची व्याख्या दिली आहे. पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या व्यवस्थापनावर केलेल्या खर्चाला आहे. एखाद्या प्रकल्पाच्या प्रत्यक्ष अंमलबजावणीवरचा खर्च त्यातून वगळला आहे. पाळणाघरात लेकरू सांभाळणं ही प्रकल्पाची अंमलबजावणी नाही तर काय आहे? मी प्रस्तावात एवढं स्पष्ट लिहिलं की या प्रकल्पात सांभाळणारी बाई हाच कार्यक्रम आहे, बाकी सगळं तिच्या मदतीला आहे.

निष्पत्तीच्या तक्त्याशीही असाच झगडा झाला. पाच महिन्यांत किती टक्के कुपोषण कमी होईल, असा रकाना होता. एवढ्या काळात, पाणी-आजारपण-जन्माचं वजन हे सगळं जिथल्या तिथे असताना, मोठा आकडा लिहिणं मला पटेना. आम्ही मोजता येईल तेच लिहिलं. लेकरांची रोजची हजेरी, दर महिन्याचं वजन आणि दंडघेर, लाल पट्टीतल्या प्रत्येक लेकराची प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी, आणि मोठ्या बहिणींची शाळेतली हजेरी. हा शेवटचा निकष त्यांना नवीन वाटला आणि त्यावर त्यांनी फोन करून विचारलं. हजेरीपट सरकारी असतो, आमच्या हातात नसतो, म्हणून त्यावर विश्वास ठेवता येतो, असं मी सांगितलं. सरकारी योजना असताना हे वेगळं कशाला, असाही प्रश्न आला. केंद्राच्या मिशन शक्तीत ‘पाळणा’ योजना आहे, अंगणवाडीला जोडून पाळणाघर देणारी. ती आमच्या पोडांवर आलेली नाही, आणि आली तर आमचं काम तिला जोडून टाकू, असं लिहून दिलं.

प्रत्यक्ष पाहणीला त्यांच्या एक अधिकारी ताई आल्या, त्याही ऐन वेचणीत. संस्थेच्या कार्यालयात फाइली दाखवून झाल्यावर मी त्यांना शेतात नेलं. दुपारची वेळ होती. बाया ओळीने पुढे सरकत होत्या, दोन्ही हातांनी बोंडं उपसून पोटाशी बांधलेल्या ओटीत टाकत. बोंडाच्या वाळक्या टोकांनी नखांच्या कडेची कातडी फाटते, ती हंगामभर भरत नाही. ताईंनी एकीचे हात हातात घेऊन बघितले. मग तिला विचारलं, “तुम्ही पाळणाघरात काम कराल का? किती मिळाले तर कराल?” बाई थांबली नाही, वेचता वेचताच म्हणाली, “मी इथं दिसाचे चारशे पाडतो. त्याहून लय कमी देसान तं दुसऱ्याचे लेकरं काऊन सांभाळू? आन् लेकरू पडलं-झडलं तं बोलनं मलेच.” झोळीतलं लेकरू तेव्हा रडायला लागलं होतं. ओळ संपेपर्यंत ती त्याच्याकडे जाऊ शकली नाही. ताईंनी वहीत काय लिहिलं ते मला माहीत नाही. परत येताना त्यांनी जोखमीबद्दल विचारलं, की आणखी एखादी राखीव बाई ठेवता येईल का, दोघींपैकी एक आजारी पडली तर. निधी देणाऱ्याकडून मजुरीची ओळ वाढवण्याची सूचना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मंजुरी आली ती पाचपैकी तीन पोडांसाठी. मजुरीची ओळ पूर्ण, राखीव बाईसह. खेळण्यांची रक्कम आम्हीच कमी करून घेतली. पण पहिला हप्ता वेळेत आला नाही. त्यांची समितीची बैठक, करारनामा, स्टॅम्प पेपर, खात्याची पडताळणी, सगळं रीतसर होतं, फक्त कंपन्यांचं वर्ष एप्रिल ते मार्च चालतं आणि कापसाचं तसं चालत नाही. मार्चअखेरीला पैसे सुटले तर पऱ्हाटीच्या काड्या तोवर चुलीत गेलेल्या असतात. एका पोडावर आम्ही हप्त्याची वाट न बघता पाळणाघर सुरू केलं. समाजमंदिराची जागा, सरपण आणि भाजीपाला पोडाने दिला, त्याची किंमत लोकवाटा म्हणून अंदाजपत्रकात धरलेलीच होती. तूरडाळ, तांदूळ आणि दोघींची मजुरी संस्थेच्या ठेवीतून काढली. मंजूर तीनपैकी उरलेली दोन पोडं हप्ता आल्यावर सुरू झाली, तोवर पहिली वेचणी उलटली होती. त्या दोन पोडांवरच्या लेकरांचे ते आठवडे गेले, याचं मला आजही वाईट वाटतं. निधी देणाऱ्या मंडळींपैकी कुणी हे वाचत असेल तर हात जोडून सांगते, शेतीच्या हंगामाशी जोडलेल्या कामाचा पहिला हप्ता पोळ्याच्या सुमारास द्या.

चालवतानाच्या हिशेबाचं थोडक्यात. मजुरी बँक खात्यातच जमा करायची अट होती आणि ती चांगली अट आहे. पण दोघींची खाती व्यवहार नसल्याने बंद पडली होती, ती केवायसी करून पुन्हा सुरू करून घेतली. पोडावरच्या दुकानात पक्कं बिल मिळत नाही, म्हणून डाळ-तांदूळ तालुक्याच्या गावाहून, पांढरकवड्याहून आणले आणि अंडी-भाजीसाठी सही-अंगठ्याचं व्हाउचर चालेल असं करारातच लिहून घेतलं. हे आधी लिहून घेतलं नाही तर पैसा ठरल्या कामावरच गेला हे सांगणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्राच्या वेळी सीए ते खर्च मान्य करत नाही.

हंगाम संपल्यावर मुख्याध्यापकांनी हजेरीपट पुन्हा काढून दिला. पाळणाघर सुरुवातीपासून चाललं त्या पोडावरच्या मुलींच्या ओळी दिवाळीनंतरही भरलेल्या होत्या. उशिरा सुरू झालेल्या दोन पोडांवर तितका फरक नव्हता. अहवालात दोन्ही जसंच्या तसं पाठवलं.

प्रत्येक प्रस्तावाच्या शेवटी एक रकाना असतोच: आमचा निधी संपल्यावर काय? त्याचं उत्तर शोधताना आम्ही ग्रामसभेकडे गेलो. आमची ही गावं पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्तीचे अधिकार देणाऱ्या कायद्याखाली, येतात. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध (ठरावीक कामाला न बांधलेला) निधी २०१५ पासून पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभा ठरवते. आरोग्य आणि शिक्षण त्यात बसतं. एका गावाच्या ग्रामसभेत बायांनी विषय मांडला. पोडाचे नाईक, म्हणजे प्रमुख, आधी रस्त्याच्या बाजूने होते, चिखलात रुग्ण न्यावा लागतो हे त्यांचं म्हणणं रास्तच होतं. बराच वेळ चर्चा होऊन ठराव झाला, की पाळणाघराचा आहार आणि एका बाईची मजुरी हा निधी सांभाळणाऱ्या ग्रामसभेच्या कोष समितीच्या खात्यातून द्यायची, आणि दर त्या त्या हंगामातल्या वेचणीच्या भावाला धरून ठरवायचा. दुसऱ्या गावात रस्त्याचाच ठराव झाला. तिथे पुढच्या ग्रामसभेत विषय पुन्हा येणार आहे.

येत्या हंगामाचा प्रस्ताव मी उन्हाळ्यातच लिहून पाठवते आहे, गेल्या वेळी मंजुरीत राहिलेली दोन पोडं धरून. मजुरीच्या ओळीला या वेळी वेगळं समर्थनाचं पान जोडलेलं नाही. ग्रामसभेच्या ठरावाची प्रत जोडली आहे.